डासांचा नकाशा

हडर्सफील्डला, औषधांच्या दुकानावरच्या खोलीत
मी लोकांना आफ्रिकेला पाठवते.
म्हणजे दंडात सुई टोचते,
वजन विचारते, तारखा विचारते,
आणि भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून सांगते :
इथून वर डास आहेत.

खंडाचं ते खालचं टोक
मला रंगांनीच ठाऊक.
क्रूगर गडद लाल, पावसाळ्यात जास्तच.
नामिबचं वाळवंट पांढरं, निर्धास्त.
व्हिक्टोरियाचा धबधबा नेमका खिळ्याखाली गेलाय,
लोक विचारतात, कुठंय, कुठंय,
आणि मी खिळा दाखवते.

मंगळवारी आले क्लाइव्ह हेपवर्थ,
होल्मफर्थच्या बसचे ड्रायव्हर, निवृत्तीला दोन महिने.
ओकाव्हांगो हा शब्द त्यांनी असा उच्चारला
जसा एखादा थांबा,
जिथं त्यांची बस कधीच थांबली नाही.
म्हणाले, नदी आहे म्हणे एक,
समुद्राला जातच नाही,
वाळूत पसरते आणि तिथंच जिरते.
मी म्हटलं, बाही वर करा.

सगळ्यात धोकादायक जनावर कोणतं?
मी करंगळीच्या नखाचं टोक दाखवलं.
ते हसले, मग सुई दिसली तसे डोळे मिटून बसले.
मिटल्या डोळ्यांनी विचारलं, पण हत्ती नक्की दिसतील ना?
जणू टायफॉइडच्या लशींशेजारी
मी फ्रिजमध्ये हत्तीही ठेवलेत.

तेवढ्यात कचरा न्यायला सिबुसिसिवे आली.
हत्ती? म्हणाली, हा काय उभाय तुमच्यासमोर.
एन्डलोव्हू आडनाव माझं, अर्थच हत्ती.
ह्वांगेच्या रानाला लागून तिचं गाव.
मका भरला की रात्री ते यायचे
पाऊल न वाजवता, एवढं धूड घेऊन.
आई पातेल्यावर झाकण आपटायची,
बाप शेणात मिरची कालवून गोवऱ्या थापायचा,
त्या पेटवल्या की वारा जाईल तिकडे
हत्तीही ठसकायचे, आम्हीही.

आमच्याकडे मिरच्या जाळतात दृष्ट काढायला,
ठसका आला नाही तर दृष्ट होती म्हणतात.
हे मी तिला सांगायला गेले
आणि सांगून बसले भलतंच :
दोडामार्गला मामाच्या केळी,
घाट उतरून आलेला टस्कर,
सकाळी बागेत नुसता चिखल आणि पानं.
मामीनं आधी हात जोडले होते,
मग तेलाचा डबा बडवला होता.
मामा फोनवर म्हणाला होता,
"गणपती म्हणान सोडूचो, तर खावचा काय?"

हेपवर्थ दंडावर कापूस दाबून
एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे.
दोघींच्या मध्ये पिवळा डबा, वापरलेल्या सुयांचा.
बराच वेळ कोणी बोललं नाही.
मग त्यांनी त्या गावाचं नाव विचारलं,
अक्षरं एकेक करून कार्डामागे उतरवलं,
आणि धंद्याला जागून विचारलं,
तिकडे बस जाते का?
जाते की, सिबुसिसिवे म्हणाली.
वाटेत ते असले तर थांबते.
किती वेळ?
त्यांना वाटेल तेवढा.

गोळ्या जेवणाबरोबर, मी सांगितलं.
निघायच्या दोन दिवस आधी सुरू करा,
तिथं रोज,
आणि परत आल्यावरही सात दिवस.
परत आल्यावर का?
काहीतरी आलेलं असतं आपल्याबरोबर, म्हटलं,
आत लपून बसतं,
लगेच कळत नाही.

ते जिना उतरले, एकेक पायरी, कठडा धरून.
सिबुसिसिवेला इथं अकरा वर्षं झाली,
मला चौदा.
तिनं पिशवीला गाठ मारली,
वर आणखी एक मारली,
आणि नकाशाकडे पाठ करून विचारलं,
जेवलीस?